माती की पाणी? छपराखालच्या भाजीचा हिशेब

‘हायड्रोपोनिक’ हा शब्द गोव्यातील बहुतेक वाचकांना भाजीच्या मळ्यातून नव्हे, तर अमली पदार्थांच्या जप्तीच्या बातमीतून परिचित झाला आहे. किनारपट्टीवर कुठेतरी छापा पडतो, ‘हायड्रोपोनिक वीड’ हस्तगत केल्याचे वृत्त येते आणि हे एखाद्या मादक पदार्थाचेच नाव असावे, असा समज पसरतो. वास्तविक ते कोणत्याही पदार्थाचे नाव नाही. मातीशिवाय, पोषणद्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर रोप वाढविण्याच्या पद्धतीचे ते नाव आहे. गांजाच्या झाडाची परवान्याविना लागवड हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २० खाली गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. झाड कुंडीतल्या मातीत आहे की पाण्याच्या नळीत, शेतात आहे की भाड्याच्या खोलीत, याने त्या कायद्याला काही फरक पडत नाही. तो विषय तेथेच संपतो.

परंतु पद्धतीचा विषय तेथे संपत नाही. घाटावरून येणाऱ्या भाजीवर गोवा किती अवलंबून आहे, हे निराळे सांगावयास नको. बेळगावहून येणारे ट्रक दोन दिवस अडले, तर बाजारात भाव चढतात आणि फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवर रांगा लागतात. या परिस्थितीत पडीक भाटात, घराच्या गच्चीवर किंवा रिकाम्या गोदामात भाजी पिकविण्याचा विचार अनेक तरुण करीत आहेत. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच उभा राहतो : छपराखाली लागवड करावयाची, तर मातीत करावी की पाण्यात? प्रश्न लाखो रुपयांचा असतो. बहुधा ते कर्जाचे किंवा वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे असतात. म्हणून उत्तर जाहिरातीतून घेण्यापेक्षा वनस्पतीकडून घेणे अधिक शहाणपणाचे.

येथे एक सावधगिरीची सूचना आधीच दिली पाहिजे. बंद खोलीतील लागवडीविषयी इंटरनेटवर जे इंग्रजी साहित्य सापडते, त्याचा मोठा भाग थंड देशांत आणि गांजाच्या लागवडीच्या अनुभवातून लिहिला गेलेला आहे. तेथे पिकाचा भाव इतका चढा असतो की दिव्यांचे व वातानुकूलनाचे बिल त्यात सहज बुडून जाते. पालकाच्या जुडीला तसे भाग्य नाही. तो सल्ला जसाच्या तसा उचलून भाजीला लावणे, ही या व्यवसायातील पहिली आणि सर्वांत महाग चूक होय.

जुना वाद, जुनेच उत्तर

पाण्यातील शेती ही कालपरवाची कल्पना नाही. १८६० च्या सुमारास जर्मनीत युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी ठरावीक क्षार विरघळवलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. उद्देश शेतीचा नव्हता. वनस्पतीला नेमके काय लागते, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. प्रयोगशाळेतील ही युक्ती शेतीत आणण्याचा खटाटोप केला तो कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांच्या टाक्यांतून वर चढलेल्या टोमॅटोच्या उंचच उंच वेलांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली, अमेरिकेत खळबळ उडाली आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला. आता मातीची गरज संपली, अशी भाकिते त्याही वेळी झाली होती.

त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी मग शांतपणे तुलना केली. सुपीक माती, वाळू आणि पोषक पाणी अशा तिन्ही माध्यमांत, तोच प्रकाश आणि तेच हवामान देऊन त्यांनी पीक घेतले. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तिकेचा निष्कर्ष अनेकांना निराश करणारा होता : इतर सर्व परिस्थिती सारखी असेल, तर पाण्यातील रोप चांगल्या मातीतील रोपाहून मूलतः अधिक उत्पन्न देत नाही. गंमत अशी की, होगलँड यांच्या नावाने ओळखले जाणारे पोषक द्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यांचा निष्कर्ष मात्र विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत क्वचितच आढळतो.

भारतालाही या पद्धतीचा जुना परिचय आहे. १९४६ पासून इंग्रज संशोधक शोल्टो डग्लस यांनी बंगालमधील कालिंपाँगच्या परिसरात प्रयोग करून पंप, वीज, महागडी यंत्रे यांच्याविना चालणारी ‘बंगाल पद्धती’ मांडली. खडी आणि वाळूने भरलेले साधे वाफे, वरून टाकलेले कोरडे क्षार आणि हाताने दिलेले पाणी, एवढेच तिचे भांडवल. पावसाळी, दमट प्रदेशात आणि अनियमित विजेच्या मुलखात तिचा जन्म झाला, ही गोष्ट गोव्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

माती काय करते

वनस्पतीला वाढीसाठी सतरा मूलद्रव्ये लागतात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मुळांवाटे यावी लागतात. ती शेणखतातून आली की रासायनिक पुडीतून, हे मुळाला कळत नाही. मूळ त्यांना विरघळलेल्या आयनांच्या रूपातच शोषून घेते. या अर्थाने मातीतील झाडदेखील पाण्यावरच जगते. फरक आहे तो त्या पाण्याची राखण कोण करतो, यात.

मातीत ही राखण माती स्वतः करते. चिकणमातीचे कण आणि कुजलेला सेंद्रिय पदार्थ कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि मुळाच्या गरजेनुसार सोडतात. खत थोडे अधिक पडले तर माती ते सामावून घेते. एक दिवस पाणी चुकले तर पुरवून वापरते. असंख्य सूक्ष्मजीव सेंद्रिय नत्राचे रूपांतर करीत राहतात. सासूबाईंनी परसात राखेची मूठ जास्त टाकली म्हणून भोपळ्याचा वेल लगेच मरत नाही, तो या गुणामुळे.

पाण्याला असा स्वभाव नाही. टाकीत जे ओतले जाते तेच मुळापाशी पोहोचते, आणि तेही ताबडतोब. योग्य प्रमाण दिले तर वाढ जलद होते, कारण मुळाला शोधाशोध करावी लागत नाही. प्रमाण चुकले तर त्याचे परिणाम आठवड्यांत नव्हे, दिवसांत दिसतात. म्हणूनच या पद्धतीत दोन मापे रोज घ्यावी लागतात. पहिले सामूचे : तो ५.५ ते ६.५ च्या दरम्यान हवा. त्याच्या वर गेला की लोह विरघळलेले राहत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. दुसरे विद्युतवाहकतेचे, म्हणजे पाण्यात एकूण क्षार किती आहेत त्याचे. लेट्युससारख्या पालेभाजीला १.२ ते १.८ इतकी वाहकता पुरते. टोमॅटोला त्याहून बरीच अधिक लागते. दोन्ही मापांची यंत्रे हाताच्या पंजात मावतात. परंतु ती वेळोवेळी प्रमाणित द्रावणात तपासून घ्यावी लागतात, आणि नेमके हेच काम पहिल्या महिन्यानंतर सुटते.

आणखी एक बाब नवशिक्यांना नडते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खते यांचे दाट द्रावण एकत्र केले, तर तळाशी पांढरा साका बसतो. तो जिप्सम किंवा कॅल्शियम फॉस्फेट असतो. पैसे खताचे गेले आणि रोपाला काहीच मिळाले नाही, अशी अवस्था होते. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन टाक्या ठेवून भरपूर पाण्यात त्या पाठोपाठ मिसळण्याचा प्रघात आहे.

गोव्याची उष्णता आणि दमटपणा

युरोपातील पुस्तकांत हायड्रोपोनिक्सचे वर्णन वाचताना ज्या अडचणींचा उल्लेख जेमतेम एका ओळीत येतो, त्याच गोव्यात निर्णायक ठरतात. पहिली पाण्याच्या तापमानाची. मुळांना श्वसनासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना तो ७.५ मिलिग्रॅमवर येतो. दुर्दैवाने त्याच वेळी उष्णतेमुळे मुळांचे श्वसन मात्र वाढलेले असते. मागणी वाढते, पुरवठा घटतो आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियम ही बुरशीसदृश कीड चढते. पांढरीशुभ्र मुळे तपकिरी, बुळबुळीत होतात. एकाच टाकीचे पाणी सर्व नळ्यांतून फिरत असल्याने एका रोपाचा रोग सगळ्या मळ्याचा होतो. मातीत मर रोगाचे झाड उपटून बाजूला करता येते. येथे ती सोय नाही.

उपाय आहेत. टाकी जमिनीत पुरावी, नळ्यांना पांढरा रंग द्यावा, पाणी उंचावरून टाकीत पडू द्यावे म्हणजे हवा मिसळते, आणि मोठी टाकी घ्यावी, कारण जास्त पाणी हळू तापते. एवढे करूनही मार्च ते मे या काळात पाणी २५ अंशांच्या खाली ठेवणे पाणी थंड करणाऱ्या यंत्राविना अवघड जाते. शिवाय लेट्युस हे मूळचे थंड हवेचे पीक. उष्णतेत ते दांडा फेकते आणि पाने कडवट होतात. माती असो वा पाणी, हा दोष सारखाच.

दुसरी अडचण दमटपणाची. पावसाळ्यात लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या दिसतात. हे कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण आहे, असे पुस्तक सांगते आणि लागवडदार टाकीत आणखी कॅल्शियम ओततो. टाकीत ते असतेच. कॅल्शियम झाडात फिरते ते पानांतून बाष्प बाहेर पडण्याच्या ओढीने. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की ती ओढच मंदावते. येथे औषध खताच्या डब्यात नसून पंख्यात आहे. हवा हलती ठेवली की पानाला बाष्प सोडता येते. मातीतील पिकालाही हे होते. पाण्यातील पीक जलद वाढत असल्याने त्यात ते अधिक दिसते, इतकेच.

छपराचे श्रेय

हायड्रोपोनिक्सच्या बाजूने मांडला जाणारा उत्पन्नाचा दावा तपासताना एक साधा प्रश्न विचारावा : तुलना कशाशी केली आहे? अमेरिकेतील ॲरिझोना राज्याविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत नेहमी उद्धृत केला जातो. त्यात हरितगृहातील पाण्यावरच्या लेट्युसचे वार्षिक उत्पन्न चौरस मीटरला ४१ किलो, तर उघड्या शेतातील लेट्युसचे ३.९ किलो धरले आहे. एक किलोला पाणी २० लिटर, शेतात २५० लिटर. येथवरचे आकडे माहितीपत्रकांत असतात. त्याच अभ्यासातील तिसरा आकडा सहसा नसतो : एक किलो लेट्युसला लागणारी ऊर्जा. शेतात ती १,१०० किलोजूल, म्हणजे विजेच्या मापात सुमारे ०.३ युनिट, हरितगृहात ९०,००० किलोजूल, म्हणजे २५ युनिट. यातील सिंहाचा वाटा हरितगृह गरम वा थंड राखण्यात खर्च होतो.

दहापट उत्पन्नात पाण्याचा वाटा किती आणि छपराचा किती, हे त्या तुलनेतून वेगळे काढता येत नाही. छपराखाली वर्षभर एकापाठोपाठ एक पिके घेता येतात, पावसाचा मारा नसतो, रोपे दाट लावता येतात. हे सारे लाभ छपराखालच्या मातीच्या वाफ्यालाही बऱ्याच अंशी मिळतात. सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात पालेभाजीचा खरा शत्रू माती नसून जून ते सप्टेंबरचा धुवांधार पाऊस आहे. त्याने पाने फाटतात, नत्र वाहून जाते, वाफ्यात पाणी साचते. पारदर्शक छप्पर घालून खाली दीड फूट उंचीचे वाफे केले, तर तांबडी भाजी भर पावसाळ्यातही घेता येते. म्हणून ज्याच्यापाशी जमीन आहे, त्याने प्रथम छपराचा आणि नंतर नळ्यांचा विचार करावा. केंद्राच्या एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अशा संरक्षित बांधकामाला ठरावीक मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. मात्र अनुदान सांगाड्याला मिळते. दर महिन्याचे वीजबिल भरावयाला कोणी येत नाही.

पाणीबचतीचा मुद्दा खरा आहे, पण तोही ऋतूप्रमाणे तोलावा लागतो. पावसाळ्यात गोव्यात पाणी वाचविण्याची कोणालाच चिंता नसते. फेब्रुवारीनंतर विहिरी खाली जातात, त्या तीन-चार महिन्यांत मात्र ही बचत मोलाची ठरते. आणि त्याच महिन्यांत पाणी थंड ठेवणे सर्वांत कठीण असते.

दिव्यांचे गणित

बंद खोलीत, पूर्णतः कृत्रिम प्रकाशावर भाजी घेण्याचा विचार असेल, तर कागद-पेन्सिल घेऊन बसणे आवश्यक आहे. वनस्पतीला उपयोगी पडणारे प्रकाशकण ‘मोल’ या एककात मोजतात. लेट्युसला चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे १५ मोल प्रकाश लागतो. चांगला एलईडी दिवा एका युनिट विजेतून साधारण ९ मोल देतो. म्हणजे रोज चौरस मीटरला सुमारे १.६७ युनिट, महिन्याला ५० युनिट. त्या जागेत २५ गड्डे, प्रत्येकी १५० ग्रॅमचे आले असे धरले, तर उत्पन्न पावणेचार किलो. एका किलोला सव्वातेरा युनिट झाले. युनिटचा दर पाच रुपये मानला, तर केवळ दिव्यांपोटी किलोला सुमारे ६७ रुपये. यात दिव्यांची उष्णता बाहेर काढणारे वातानुकूलन, पंप, बियाणे, मजुरी, भाडे आणि दिव्यांची मूळ किंमत धरलेली नाही.

एप्रिलच्या निरभ्र दिवशी गोव्यात उघड्या अंगणावर चौरस मीटरला ४० मोलहून अधिक प्रकाश फुकट पडतो. शेडनेट घालून तो अडवावा लागतो, इतका. ज्या प्रदेशात सूर्य झाकावा लागतो तेथे तोच सूर्य विजेने विकत घेऊन भाजी पिकविणे, हा व्यवहार हॉटेलांना जाणारी तुळशीच्या जातीची बेझिल, कोवळे अंकुर अशा मोजक्या महाग मालापलीकडे बसत नाही. हे मत कडक वाटेल. पण वरील आकड्यांत दर बदलून कोणीही ते पडताळून पाहावे.

विजेचा दुसरा प्रश्न तिच्या नसण्याचा. उतरत्या नळीतून पोषक पाण्याचा पातळ पापुद्रा वाहता ठेवण्याची जी पद्धत इंग्लंडमध्ये ॲलन कूपर यांनी १९६० च्या दशकात विकसित केली, तीच आज सर्वत्र दिसते. तिच्यात मुळांपाशी पाण्याचा साठा जवळजवळ नसतो. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात खांब कोसळून दुपारी वीज गेली, तर काही तासांतच रोपे माना टाकतात. इन्व्हर्टर अथवा जनित्र येथे चैनीत मोडत नाही. मूळ भांडवलात ते धरलेच पाहिजे. तरंगत्या तराफ्यावर रोपे ठेवणाऱ्या खोल टाकीच्या पद्धतीत हा धोका कमी, कारण मुळे पाण्यातच असतात. मातीच्या वाफ्याला तर वीज गेल्याचे कळतही नाही.

जेथे माती हरते

इथवर वाचून मातीचा पक्ष भक्कम वाटेल. तो सर्वत्र तसा नाही. वांगी, टोमॅटो, मिरची या एकाच कुळातील पिकांना गोव्याच्या दमट मातीत जीवाणूजन्य मर रोग फार सतावतो. सकाळी तरारलेले झाड दुपारी कोमेजते, आणि आठवडाभरात संपते. छपराखालच्या त्याच वाफ्यात तेच पीक पुनःपुन्हा घेतले, की मर रोगाचे जीवाणू आणि मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी साचत जातात. पावसाने जमीन धुतली जात नाही आणि पीकपालट करावयाला जागा नसते. हॉलंडमधील हरितगृहांनी १९७० च्या दशकापासून माती सोडली ती हायड्रोपोनिक्सच्या आकर्षणाने तितकी नव्हे, जितकी मातीतील रोगांना कंटाळून.

अशा वेळी पाण्याच्या नळ्या आणि जमीन यांच्यामधला मार्ग अधिक उपयोगी पडतो. तो म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, कोकोपीट. त्याच्या पिशव्यांत रोप लावून ठिबकने पोषक पाणी द्यावयाचे. भुसा पाणी आणि हवा दोन्ही धरून ठेवतो. वीज चार तास गेली तरी झाड तग धरते, आणि एक झाड रोगट झाले तर ती पिशवी उचलून बाहेर टाकता येते. मात्र किनारी भागातील सोडण खाऱ्या पाण्यात कुजवलेले असू शकते, म्हणून भुसा गोड्या पाण्याने नीट धुऊन आणि कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून मगच वापरावा. अन्यथा त्यातील सोडियम व पोटॅशियम सुटतात आणि रोपाच्या वाट्याचे कॅल्शियम भुसाच धरून ठेवतो. पिशवीतून निथळणारे खतमिश्रित पाणी विहिरीच्या काठी किंवा खाजनाच्या पोयीत सोडणे गैर आहे. ते नारळ-केळीच्या आळ्यात घालावे.

गच्चीचा हिशेब आणखी वेगळा. ओली माती घनमीटरला दीड टनाहून जड असते. एक फूट जाडीचा मातीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार टाकतो, तर वावर असलेल्या सामान्य गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार सुमारे १५० किलोच आहे. जुन्या इमारतींच्या गच्चीवर हौसेने पसरलेली माती स्लॅबला महाग पडू शकते. तेथे हलक्या नळ्या, किंवा मोजक्या अंतरावर खांब-तुळयांच्या वर ठेवलेल्या भुशाच्या पिशव्या, हीच निवड योग्य ठरते. तीच गोष्ट खाऱ्या जमिनीची आणि निव्वळ जांभ्या खडकाच्या पठाराची. जेथे मातीच नाही, तेथे मातीशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पाण्याची परीक्षा मात्र सर्वांनी आधी करावी. जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू असते आणि हायड्रोपोनिक्सला ते मानवते. फक्त त्यात सामू धरून ठेवण्याची शक्ती कमी असल्याने तो पटकन वरखाली होतो. किनाऱ्याजवळच्या विहिरींत मे महिन्यात खारेपणा शिरतो. ज्या पाण्यात मुळातच मीठ आहे, त्यात खत विरघळवून काही साधत नाही. आणि हे पाणी एप्रिल-मेमध्ये तपासावे. ऑगस्टमधली विहीर सर्वांचीच गोड असते.

कोण घेणार?

नळ्यांमध्ये उत्तम येणारी पिके म्हणजे लेट्युस, बेझिल, पाकचोय. गोव्यातील घरोघर शिजते ती तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, वाल, भेंडी, दोडकी. तांबडी भाजी चांगल्या वाफ्यात महिन्याभरात काढणीला येते, आणि ती नळीत लावून मिळणारा जादा भाव शून्य. मुळा, गाजर, रताळे यांना नळीत जागाच नाही. खोल्याची मिरची किंवा आगशीचे वांगे ज्या मातीच्या नावावर विकले जाते, ती माती काढून घेतली तर मागे काय उरते, याचाही विचार व्हावा. म्हणजे पाण्यातील शेतीचा ग्राहक मुख्यतः हॉटेल, आणि हॉटेलचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. उरलेले सहा महिने माल कोठे जाणार, हे यंत्रणा उभारण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. हॉटेलांकडून पैसे उशिराने येतात, हेही गृहीत धरावे.

‘सेंद्रिय’ या शब्दाचाही येथे घोटाळा होतो. पाण्यातील भाजीवर फवारणी कमी करावी लागते, हे खरे. पण तिचे अन्न बहुतांशी रासायनिक क्षारच असते. युरोपीय संघाच्या नियमांत मातीविना वाढवलेली भाजी सेंद्रिय ठरत नाही. अमेरिकेत काही अटींवर ठरू शकते. विक्रेत्याने ‘स्वच्छ’, ‘धूळविरहित’ म्हणून ती अवश्य विकावी. सेंद्रिय म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल होय.

ज्यांना व्यवसाय नव्हे तर हौस म्हणून, सदनिकेच्या बाल्कनीत दोन-चार गड्डे घ्यावयाचे आहेत, त्यांच्यासाठी हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांनी रूढ केलेली पद्धत सर्वांत सोपी आहे. झाकणाचा चार लिटरचा अपारदर्शक डबा, झाकणाला भोक, त्यात जाळीची कुंडी आणि आत पोषक पाणी. पंप नाही, वीज नाही. रोप पाणी पीत जाते तशी पातळी उतरते आणि वरच्या मुळांना हवा मिळते. संपलेले पाणी पुन्हा काठोकाठ भरावयाचे नाही, नाही तर हवेवर वाढलेली मुळे बुडून मरतात. एक डबा एका लेट्युसला साधारण पुरतो. डबा पारदर्शक असेल तर आत शेवाळ माजते, आणि भोक उघडे राहिले तर डासांची अळी. डेंग्यूच्या दिवसांत हा निष्काळजीपणा शेजाऱ्यांनाही भोगावा लागतो. बाल्कनीला निदान चार तास थेट ऊन नसेल, तर डबा आणि कुंडी दोन्ही सारखेच निराश करतील.

मातीच्या कुंडीसाठी नुसती तांबडी माती कधीही भरू नये. दोन पावसांत तिची वीट होते. दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि एक भाग धुतलेला सोडणाचा भुसा हे मिश्रण चालते. गोव्याची माती आम्ल असल्याने तिला चुना लागतो, पण किती, ते माती तपासूनच ठरवावे. जुने गोवे येथील एला गावात असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेशी किंवा जवळच्या कृषी विभागीय कार्यालयाशी संपर्क साधल्यास मातीच्या तपासणीबाबत मार्गदर्शन मिळते.

ज्यांचा व्यवसायाचा विचार पक्का आहे, त्यांनी नळ्यांची मोठी यंत्रणा एकदम मागवू नये. ऑक्टोबरात एक वाफा मातीचा, एक रांग भुशाच्या पिशव्यांची आणि एक तराफ्याची टाकी अशी तिन्ही एकाच छपराखाली, एकाच पिकाची लावावी. रोज सकाळी व दुपारी दोनला पाण्याचे तापमान वहीत टिपावे. खत, वीज आणि मजुरीचे तास वेगवेगळे लिहावेत. काढलेला माल वजन करून विकावा. ही वही मे महिन्याच्या अखेरीपर्यंत चालली पाहिजे. डिसेंबरात तिन्ही पिके सारखीच हिरवीगार दिसतील, आणि यंत्रणा विकणारा माणूस भेटीला येतो तोही बहुधा डिसेंबरातच.